सगळी पानं हलवा, एकदाच सांगा

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझं काम परत आलं! तिसऱ्यांदा! कर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, आणि त्याच्या मेमरीच्या भागात हेडमास्तरांच्या होकाराशिवाय कुणाचाही बदल जात नाही. (खरं नाव वेगळं, ऑफिसात हेच.) मेलमध्ये पुन्हा तेच — "एवढा मोठा घास गिळवत नाही. तुकडे करा. प्रत्येकाखाली साध्या वाक्यांत लिहा, काय केलं आणि का." अहो, कोड समोर आहे ना!

साहेब म्हणाले, "या महिन्यात गेलं तर गेलं. नाहीतर सोडून दे, बाकीची कामं तुंबलीत." वर्षभर खपलेय मी यावर. रडूच आलं.

मंगळवार, ४

सासूबाई म्हणाल्या, "तोंड का पाडलंयस?" सांगितलं. प्रोग्रामचं कुठलं पान, म्हणजे त्याच्या डेटाचा कप्पा, मेमरीत कुठे आहे याचा एक तक्ता असतो. प्रत्येक प्रोसेसर त्यातले पत्ते स्वतःपाशी उतरवून ठेवतो. पान हलवलं की सगळ्यांना थांबवून सांगायचं, जुना पत्ता खोडा. हजार पानं, हजार वेळा खोळंबा! माझं म्हणणं, सगळी हलवा आणि एकदाच सांगा.

"मग त्यात काय एवढं? फळीवरचे डबे हलवले की मी दर डब्याला हाका मारत बसते का? जेवायला बसलात की एकदाच सांगते."

धन्य आहे बाई! मी सभा घेऊन घेऊन दमले ते यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं. उद्यापासून असंच लिहायचं.

शुक्रवार, ७

तुकडे पाठवले. बघू.

बुधवार, १२

हेडमास्तरांचं उत्तर. पाचव्या तुकड्यावर फक्त — "पान आधी मोकळं केलं. सगळ्यांना सांगितलं नंतर. मधल्या वेळात काय?"

खरंच की! पानाची मोकळी झालेली जुनी जागा कर्नल लगेच दुसऱ्या प्रोग्रामला देणार, आणि एखादा प्रोसेसर जुन्या पत्त्यावर जाऊन त्यातच लिहून येणार. साखरेच्या डब्यात मीठ भरलं आणि घरात कुणाला खबरच नाही! लोकांचा डेटा नासला असता. का, ते कुणाला कळलंही नसतं. चाचण्या सगळ्या पास, ऑफिसात चौघांनी वाचलेलं. कुणालाच दिसलं नाही!

या माणसाचे पाय धरावेसे वाटतात.

गुरुवार, १३

क्रम बदलला. तक्त्यातून जुना पत्ता काढा, सगळ्यांना एकदाच सांगा, मगच पान मोकळं करा. दिवसभर चाचण्या. नवरा चहा तोंडाला लावण्याआधी विचारतो, "साखरच आहे ना गं?" मेला!

सोमवार, १७

गेलं!! हेडमास्तर — "घेतलं." बस, एवढंच. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं."

मी हेडमास्तरांना लांबलचक आभाराचा मेल लिहिला. शेवटी विचारलंच — चौघांना दिसलं नाही ते तुम्हाला कसं दिसलं?

मंगळवार, १८

उत्तर आलं ते त्यांच्या बायकोचं. "यांची नजर गेली त्याला वर्ष झालं. वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज यांना सोसत नाही, म्हणून सगळं मीच वाचून दाखवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुझं लिहिलेलं मात्र कळलं. पाचव्याला मी मध्येच थांबून विचारलं, अहो, पान मोकळं केलं, पण सांगितलं कुठे अजून? यांनी तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, हेच लिही तिला."