कोर्स पूर्ण करायचा असतो

सोमवार, ३ मार्च

सासूबाईंचा ताप उतरला. छातीतली घरघरही गेली. इस्पितळात आल्यापासून आज पहिल्यांदा त्यांनी माझ्या केसांना नावं ठेवली. म्हणजे तब्येत सुधारतेय.

"एक-दोन दिवसांत घरी," धाकटा डॉक्टर म्हणाला. सासरे लगेच दाढी करायला पळाले.

मंगळवार, ४ मार्च

कसलं घर! सकाळपासून जुलाब. नवऱ्याचं निदान – इस्पितळातलं सूप. सासऱ्यांचं निदान – मी आणलेलं सूप. या घराण्यात कुठलाही रोग सुनेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

बुधवार, ५ मार्च

तपासणीचा निकाल आला. जंतूचं नाव लांबलचक, मी उच्चारायच्या भानगडीत पडले नाही. डॉक्टरने सोपं करून सांगितलं. छातीसाठी दिलेल्या अँटिबायोटिकनं आतड्यातले भले जंतूही मेले, जागा मोकळी झाली, आणि इस्पितळात हिंडणारा हा दांडगा तिथं येऊन बसला. म्हणजे गुंडाला पकडताना पोलिसांनी सगळी गल्लीच उचलून न्यावी, तसं.

"आता ते अँटिबायोटिक बंद, आजी. याच्यासाठी वेगळं औषध देतो."

"पण कोर्स पूर्ण करायचा असतो ना?"

"एरवी हो. या वेळी सोडायचा."

सासूबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की त्यांना पटलेलं नसतं. या बाईनं आयुष्यात काही अर्धवट सोडलेलं नाही. रटाळ नाटकसुद्धा शेवटपर्यंत बघतात – नटांना वाईट वाटू नये म्हणून.

वेगळी खोली मिळाली. आत जाताना पिवळा गाउन, हातमोजे. मोठ्या सिस्टरनं, म्हणजे आमच्या रिंगमास्तरीणबाईंनी, बजावलं, "ते बाटलीतलं सॅनिटायझर या जंतूला कळतही नाही. साबण, पाणी, आणि नीट चोळून." खिशात कायम ती बाटली बाळगणाऱ्या माझ्या नवऱ्याची श्रद्धाच उडाली.

शुक्रवार, ७ मार्च

उतार नाही.

शनिवार, ८ मार्च

आज घाबरले. रक्तदाब खाली गेला. सासूबाईंनी मला ओळखलंच नाही. पाणी पाजलं तर म्हणाल्या, "थँक यू हं, सिस्टर."

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन गेला. "नवं औषध एव्हाना लागू पडायला हवं होतं. असंच राहिलं तर आतड्याचं ऑपरेशन करावं लागेल. या वयात..."

सासरे खिडकीशी उभे होते. हातात चष्म्याची डबी, घट्ट धरलेली.

रविवार, ९ मार्च

सासरे हात धुवायला गेले, डबी खुर्चीवर विसरले. चष्मा तर नाकावर होता. मग डबीत काय? मला नसत्या चौकशांची सवय आहे, बातमीदाराचं पोट त्यावरच चालतं. उघडली. आत गोळ्यांचं अर्धं पाकीट – तेच अँटिबायोटिक! इस्पितळात यायच्या आधी गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेलं.

"बाबा, हे काय?"

"तिनंच मागितलं. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय ना?"

"तो पोरगा आहे गं. इतकी वर्षं सगळे डॉक्टर काय मूर्ख होते?"

दारात रिंगमास्तरीणबाई. सगळं ऐकलं त्यांनी. ऐंशी वर्षांच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं झापलेलं मी प्रथमच पाहिलं. सासरे खाली बघत एवढंच म्हणाले, "तुमच्याशिवाय माझं कोण करणार, म्हणाली. असं ती कधी म्हणत नाही हो."

पाकीट परत डबीत गेलं. "विल्हेवाट लावतो," म्हणाले. बाईंना दुसऱ्या खोलीतून हाक आली.

मंगळवार, ११ मार्च

किंचित उतार. मी मुद्दाम जास्त लिहीत नाही.

गुरुवार, १३ मार्च

"हे पिवळं काय घातलंयस? काविळीसारखी दिसतेस."

ओळखलं मला! बाहेर जाऊन रडले. अर्थात साबणानं हात धुऊन मगच.

शनिवार, १५ मार्च

उद्या घरी सोडणार. सासू-सासऱ्यांचं कडाक्याचं भांडण झालं. "गोळ्या आणल्यात कशाला?" "तू मागितल्यास कशाला?" धाकटा डॉक्टर दारातून ऐकून हसत निघून गेला. त्याला तपासायची गरजच वाटली नाही.

रविवार, १६ मार्च

सासूबाईंना न्यायला गेलो ते सासऱ्यांना दाखल करून बसलो. पहाटेपासून जुलाब! त्या उरलेल्या गोळ्या त्यांनी रोज इमानानं स्वतः घेतल्या. "तिचा कोर्स अर्धवट राहिला होता, म्हटलं आपण संपवू." आणि दिवसभर बसायचे तिच्याच खोलीत.

डॉक्टर म्हणतो, वेळेत आणलंत, हे बरे होतील. सासूबाई घरी यायला तयार नाहीत. पिवळा गाउन मागून घेतला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या.

"तू घरी जा आता," मला म्हणाल्या. "फार दमलीस."

मी हळूच त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.