चौशिंग्याने पसंत केलेला प्लॉट

जुने शहर, अकोला

प्रिय सूर्यभान,

तुला सप्रेम नमस्कार, मैनावहिनींना साष्टांग, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची विशेष चौकशी. तेल्हाऱ्यात थंडी पडली असेल. माझी प्रकृती विचारू नकोस. कमरेला पट्टा आहे, उशीला टेकून लिहितो आहे, आणि अक्षर वाकडे आले तर तो दोष कमरेचा समजावा. (मनाचाही समज.)

एकतीस वर्षे मी पोरांना भूगोल शिकवला आणि एकतीस उन्हाळे या अकोल्यात भाजून निघालो, हे तुला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर चिखलदऱ्याच्या पठारावर एक प्लॉट घेतला, तेही तू ऐकले आहेस (एकदा नव्हे, त्याबद्दल क्षमस्व). दोन खोल्या, पुढे ओसरी, समोर दरी, एवढेच मागणे होते. दिवाळीनंतर सौ. सिंधूसह खाली परतवाड्यात भाड्याच्या खोलीत मुक्काम टाकला आणि सिमेंटचे खांब रोवून तीन बाजूंना जाळी ठोकली. चौथी बाजू राहिली आणि तिथेच माझे नशीब फिरले.

प्लॉटच्या बरोबर मध्यावर, जिथे आमचे स्वयंपाकघर यायचे होते, तिथे लेंड्यांचा ढीग पडू लागला. झाडून काढावा तर दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा हजर! शेजारच्या गवळीवाड्यातले नत्थुजी बकऱ्या चारतात, म्हणून मी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. त्यांनी ढिगाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "माह्या बकऱ्या एवढ्या शिस्तीच्या नाहीत, सर. हे चौशिंग्याचं काम हाय. तो रोज एकाच जागी येते." (चौशिंगा म्हणजे चार शिंगांचे लहानखुरे हरीण.)

मी तक्रार म्हणून ढिगाचा फोटो पुतणीला, म्हणजे अश्लेषाला, पाठवला. ती जंगलातल्या जनावरांचा अभ्यास करते. मला वाटले, ती हाकलायचा उपाय सांगेल. ती दुसऱ्याच दिवशी परतवाड्याच्या बसने येऊन ढिगापुढे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "काका, किती सुंदर!" (सूर्यभान, माझ्या फळ्यावरच्या नकाशाला आजवर कोणी सुंदर म्हटलेले नाही.) माती-गवतात तिने पायांचे ठसे शोधले आणि सांगितले की मादी आहे, सोबत पिल्लू आहे. आणि मादीला शिंगे नसतात! म्हणजे नाव चौशिंगा आणि माझ्या वाट्याला शिंग एकही नाही.

मग तिने विषय काढला जाळीचा. ती एक वर्ष अमेरिकेत वायोमिंगला होती. तिथल्या उंच माळावर प्राँगहॉर्न नावाचे जनावर असते. पळायला लागले तर लांडग्यालाही सापडत नाही, पण कुंपण आले की उडी न मारता उभे राहते, खालून सरपटायला जागा शोधते. जागा नसली तर बर्फात तिथेच अडकून मरते. "लांडग्याने नाही काका, माणसाच्या तारेने मरतात," असे म्हणून पोरगी डोळे पुसू लागली. मी म्हणालो, "हे अमेरिकेचे झाले. माझा प्लॉट मेळघाटात आहे." ती जेवलीसुद्धा नाही, तशीच निघून गेली. सिंधूने तिचा डबा पुन्हा बांधून ठेवला. चौथ्या बाजूसाठी मी सोमवारचे मजूर सांगितले.

रविवारी दुपारी छत्री घेऊन पाहणीला गेलो, तर आत ती! गुडघ्याएवढी उंच, तपकिरी, नुसते कान आणि डोळे. उघड्या बाजूने आत आली होती. पिल्लू मात्र भलत्या बाजूला, जाळीबाहेर राहिले होते. ते जाळीच्या भोकात नाक घाली, मागे होई, पुन्हा नाक घाली. आई आतून जाळीला लागून येरझारा घाली. मी वर्गात ओरडायचो तसे ओरडलो, "अरे, तिकडून फिरून ये!" (विद्यार्थ्यांनी तरी कुठे ऐकले होते?) आई घाबरून वीस पावले पळाली, पण पिल्लाला सोडून गेली नाही. तिथेच थरथरत उभी राहिली. तिचे ते उभे राहणे माझ्याने पाहवेना.

पुढचे लिहायला लाज वाटते. मी पालथा पडलो, सरपटत जाळीपर्यंत गेलो आणि दोन्ही हातांनी खालची कड वर उचलून धरली. किती वेळ, देव जाणे. पिल्लू शेवटी माझ्या मनगटावर खूर ठेवून आत शिरले आणि दोघे गवतात दिसेनासे झाले. मी उठायला गेलो, तर कमरेत चमक भरली! सदरा तारेत, मी जमिनीवर. तासाभराने नत्थुजी आले. "सर, तुमी इथं काऊन झोपून राहिले?" मी म्हणालो, पाहणी करतो आहे.

आता सगळे संपले. जाळी निघाली, खांब निघाले, घर बांधायचे नाही असे अश्लेषाने आणि सिंधूने मिळून माझ्याकडून कबूल करवून घेतले. प्लॉट विकता येत नाही, घेणारा कुंपण घालीलच. उरलेले उन्हाळे याच खोलीत, याच पंख्याखाली. कळावे.

तुझा हताश,
कमलाकांत

ता. क. : खांब आणि जाळी तुझ्या शेताला घेऊन जा. रोही पिकात घुसतात, फार त्रास देतात म्हणाला होतास. फक्त खालून हातभर जागा सोड. (मग उपयोग काय, असे विचारू नकोस. मलाही माहीत नाही.)

ता. क. २ : सूर्यभानभाऊजी, मी सिंधू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले, म्हणून चार ओळी. आम्ही काहीच कबूल करवून घेतले नाही. अश्लेषाला तर अजून माहीतही नाही. कमर धरलेली असताना हे स्वतःच दुसऱ्या दिवशी वर गेले आणि चौथ्या बाजूसाठी आलेल्या मजुरांकडून तिन्ही बाजू काढवून घेतल्या. घर मला हवे होते, भाऊजी. ओट्याचा हिरवा दगडही मी पसंत करून ठेवला होता. हे त्यांना कळवू नका. रोज सकाळी नत्थुजींना फोन करून विचारतात, "आज आली होती का?" आणि आली म्हटले की पोटभर जेवतात.