न शोधलेलं विष

४ जून, मंगळवार

आज तिघांच्या घरच्यांना विचारलं. तिघांनी नाही म्हटलं.

तिसऱ्या बाईचा मुलगा तर अंगावरच आला. "आई तीन दिवस तुमच्या व्हरांड्यात पडून होती, तेव्हा कुठे होतात? आता मेल्यावर सुया घेऊन आलात!" खरंच होतं. परवानगीचे कागद पिशवीत घातले नि निघाले.

एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावरही माणसं वॉर्डात मरतात, ती नेमकी कशाने, हे डॉ. मुकेलाबाई साहेबांना शोधायचंय. जिवंतपणी जे सापडलं नाही ते मृतदेहात सापडेल म्हणतात. पटतं मला. पण नातेवाइकांच्या खोलीचं दार ढकलते मी, डॉक्टर नाही!

६ जून

एकीने हो म्हटलं. वर माझेच हात धरून रडली.

११ जून, मंगळवार

आज जे केलं ते इथे तरी नीट लिहावं.

ओबेद न्गुलुबे सकाळी गेला. चौतीस वर्षांचा. भावाच्या शेडमध्ये मिनीबस दुरुस्त करायचा. दोन महिन्यांपूर्वी एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झालेल्या, तरी ताप हटेना, माणूस वाळत चाललेला. थुंकी दोनदा तपासली — काही नाही. एक्स-रेतही धड काही नाही. दाखल झाल्यापासून चौथ्या दिवशी संपला.

बायको म्विझा चार दिवस त्याच्या खाटेखाली चटई टाकून होती. मी खोलीत शिरले तेव्हा थोरला दीर, लायसन, सगळ्यांदेखत तिला बोलत होता — "हिच्या हातचं खाऊन खाऊनच तो असा झाला. काय कालवत होतीस त्याच्या ताटातल्या न्शिमात? बोल ना!" तिच्याकडून घराची किल्ली घेतलेली. पाठीवरच्या चितेंगेच्या झोळीत तीन वर्षांची ताओंगा झोपलेली.

म्विझा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, त्या गोळ्यांचं यांना ठाऊक नाही. कुणाला सांगू नकोस, असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय." म्हणजे एका वाक्यात सुटका होती तिची, आणि ते वाक्य ती बोलणार नव्हती!

मग दबकत — "मी काही घातलं नव्हतं, हे डॉक्टर सांगू शकतील का?"

तिची सही चालली असती. पण घरचे आडवे आले तर आम्ही मागे सरतो, नियमच आहे. लायसनला विचारलं. "माझ्या भावाला फाडणार?" मी आदराने म्हटलं, नाही बाम्बो, फाडत नाही, सुईने थोडे नमुने घेतो, काय झालं होतं ते कळतं.

"काय झालं होतं ते कळतं?"

"हो."

"म्हणजे पोटात काय गेलं होतं, तेही?"

आम्ही विष शोधत नाही. आम्ही जंतू शोधतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी म्हटलं — "कशाने गेला, ते कळावं म्हणूनच तपासतो."

"मग द्या इकडे. ही उघडी पडू दे." केली सही.

१२ जून

मी खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही.

डॉक्टर खूश. "मुतिंता, तुला माणसांशी बोलता येतं."

२९ जून, शनिवार

म्विझा फाटकापाशी उभी होती. चेल्स्टनहून चालत आलेली, ताओंगा पाठीवर. मामाकडे राहते. दिरांनी पलंग नेला, टीव्ही नेला, पातेलीसुद्धा नेली. पातेली कशाला? तर म्हणे, विष त्यांतच असणार.

"उत्तर आलं का सिस्टर?" नाही अजून.

तिला भाजलेले शेंगदाणे दिले. तिने सगळे मुलीला चारले. मला पुढे बघवेना. मीच लायसनला आशा लावली, आणि हिलाही.

९ जुलै

उत्तर आलं. क्षय. फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत — सगळीकडे बारीक बारीक दाण्यांसारखा पसरलेला. खोकून काही वर येण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती, थुंकीत दिसणार कुठून! टीबीची एक गोळी पोटात न जाता गेला.

डॉक्टर म्हणाले, "याच्यासाठीच हा अभ्यास आहे." त्यांचे डोळे चमकत होते. वाईट माणूस नाही. त्यांनाही एकदाचं काहीतरी सापडलं होतं.

मला आनंद झाला नाही.

१० जुलै

डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तो विषाची तपासणी समजून सही करतोय, हे तुला तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"मग ही सहीच नव्हे, मुतिंता."

ओबेदची नोंद अभ्यासातून बाद. संशोधनाच्या नैतिकता समितीला पत्र जाणार. तोवर मी कुणाची परवानगी घ्यायची नाही. पण निदान घरच्यांचं आहे, ते त्यांना द्यायलाच हवं — शिवाय घरातल्या सगळ्यांना तपासायला हवं. "मी जाऊन सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, नको. मीच जाईन.

१३ जुलै, शनिवार

म्तेंदेरेत लायसनच्या घरी गेले. अंगणात विटांवर चढवलेली मिनीबस, मागे शेड. ओबेदची आई उन्हात चटईवर. रीतीप्रमाणे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार केला. लायसन हात पुसत आला. "बोला."

टीबी होता म्हणून सांगितलं. अंगभर पसरलेला.

म्हातारी म्हणाली, "टीबी? तो बरा होतो ना गं?"

"हो आम्बुया. वेळेत सापडला तर."

ती मिनीबसकडे बघत राहिली.

मग लायसन — "आणि विष?"

किती सोपं होतं! 'विष सापडलं नाही.' शब्दाला शब्द खरा. म्विझाला तिची पातेली परत मिळाली असती, ताओंगाला घर. सबंध रस्ताभर हेच वाक्य तोंडात घोळवत आले होते.

"विष आम्ही शोधलंच नाही, बाम्बो. शोधत नसतोच. तुम्हाला तसं वाटतंय हे मला सहीच्या वेळीच कळलं होतं. मी गप्प बसले. चुकलं माझं."

आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला पाना त्याने मिनीबसच्या दारावर हाणला. "माझ्या मेलेल्या भावाला तुम्ही फसवून टोचलंत! चला, व्हा बाहेर!"

"थांब रे," म्हातारी म्हणाली. "ती म्हणते घरात सगळ्यांनी तपासून घ्या. घेऊ या."

"कशाला? आणखी एक खोटं ऐकायला?"

"खोटंच बोलायचं असतं तर विष नव्हतं म्हणाली असती, आणि चहा पिऊन गेली असती."

लायसन शेडमध्ये निघून गेला. चहा मिळाला नाही. पण म्हातारीने बुधवारी येतो म्हणून सांगितलं.

१६ जुलै

म्विझाला बोलावून घेतलं. तिलाही तेच सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ताओंगा ठणठणीत आहे. खबरदारीची गोळी सुरू केली, कडू म्हणून थुंकली, साखरेत घोळवून दिली तेव्हा गिळली.

म्विझा म्हणाली, "म्हणजे त्यांच्या लेखी मी अजून तीच."

"हो."

"तुम्ही नुसतं 'विष नव्हतं' म्हणाला असतात तरी चाललं असतं सिस्टर. मला चाललं असतं."

रागावली असती तर बरं होतं. पोरीला पाठीवर बांधून, गाठ मारून गेली. गाठ दोनदा सोडून परत बांधली.

१८ जुलै

समितीचं पत्र. तीन महिने अभ्यासाच्या कामावर नाही, फक्त टीबीच्या दवाखान्यात. बरं झालं.

काल म्हाताऱ्या आम्बुया आल्या होत्या, नातवंडांना घेऊन. सगळी ठीक. लायसनलाही फरपटत आणलेलं. माझ्याकडे न बघता डबीत थुंकला नि गेला.

२५ जुलै

लायसन एकटा आला. त्याच्या थुंकीत जंतू सापडले आहेत, भरपूर. खोकला वर्षभराचा — शेडमधल्या धुराचा म्हणून सोडून दिलेला. ओबेद दोन वर्षं त्याच शेडमध्ये, त्याच्या खांद्याला खांदा लावून.

गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते. मध्येच म्हणाला, "सिस्टर, त्याला हे माझ्याकडून —?"

दोघांचे जंतू जुळवून पाहता येतात, म्हटलं. जुळले तरी कुणाचे कुणाला गेले ते छातीठोक सांगता येत नाही. पाहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. या वेळी काही गाळलं नाही.

गोळ्यांचं पाकीट त्याने खिशात घातलं. मग हळूच विचारलं — "म्विझा कुठे राहते हल्ली?"

तिला विचारून सांगते, म्हटलं.