आत्याच्या हुकूमनाम्याची नक्कल

प्रिय आत्या,

तुझ्याबरोबर जळालेला कागद आज मी परत आणला. अगदी तोच नाही, त्याची नक्कल. पण शेवटच्या पानावर कोर्टाचा गोल शिक्का आहे, सही आहे आणि 'खरी नक्कल' असं लिहिलेलं आहे. घरी आल्यावर तो कुणाला दाखवायचा तेच कळेना. बाबा नुसता हात फिरवून बघतात. आई म्हणते, डब्यात ठेव, उंदीर खातील. दाखवायला तूच हवी होतीस, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण तुझे कागद मीच वाचून दाखवायची ना? हेही तसंच ऐक.

आधी आमची चूक सांगते. तू गेलीस त्या दिवशी घरातून निघण्याआधी बाबांनी तुझी मिश्रीची डबी आणि तो हुकूमनामा तुझ्या उशाशी ठेवला. "तिची कमाई हाय ती," म्हणाले. "तिच्याबरोबर जाव दे." आपल्याकडे माणसाची आवडती वस्तू त्याच्याबरोबर देतात, आणि तुला त्या कागदाहून आवडतं काय होतं? कुणी काही बोललं नाही. मीही नाही. प्लास्टिकच्या पिशवीतला तो कागद मला दारातून दिसत होता. घरात शिकलेली मी एकटी. तरी वाटलं, आत्ता कागदाचं नाव काढलं तर लोक म्हणतील, हिला या वेळी कागद सुचतोय. लोकांना भिऊन गप्प बसले. दोन वर्षं ते मनात घेऊन फिरते आहे.

या उन्हाळ्यात खालच्या शेताचा मालक बदलला. मुंबईच्या कुणीतरी ते घेतलं आणि बांधावरच्या वाटेला तारेचं कुंपण घातलं. तुझं शेत त्याच्या पलीकडे. बैल न्यायला दुसरी वाट नाही. बाबा भांडायला गेले, तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "वाट तुमची असेल तर कागद दाखवा."

"अख्ख्या गावाला माहीत हाय," बाबा म्हणाले.

"गावाला आहे. मला नाही."

मला त्याचा राग आला नाही, आत्या. त्याने मागितलं ते बरोबरच होतं. आपल्याकडे त्याच वाटेचा कागद होता आणि आपणच तो जाळला. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते. वाट उघडली नाही तर यंदा तुझ्या शेतात भाताची आवणी होणार नव्हती, आणि एकदा सुटलेली वाट पुन्हा मिळत नाही हे तूच सांगायचीस.

म्हणून मी शहापूरला कोर्टात गेले. किती घाबरले होते म्हणून सांगू! अर्ज तीनदा लिहिला. एका ठिकाणी खाडाखोड झाली म्हणून सगळा कागद बदलला. नक्कल विभागातले कारकून वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "दावा नंबर?"

"नाही माहीत."

"साल?"

ते मला पाठ होतं. चौऱ्याण्णव. तू जिंकून आलीस, बाबांनी गावात पेढे वाटले, मी चौथीत होते. कारकुनांनी चौऱ्याण्णवचं दाव्यांचं रजिस्टर काढलं. तुझं नाव नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी त्र्याण्णव बघायला लावलं, मग पंच्याण्णव. नाहीच. मला वाटायला लागलं, आपण लहानपणापासून जे ऐकलं ते खरंच घडलं होतं ना?

चौथ्या खेपेला कारकून म्हणाले, "ताई, तुम्ही साल कशाचं सांगताय? निकालाचं का दावा टाकल्याचं?"

मी माझ्या अर्जाकडे बघितलं.

"रजिस्टरात दावा टाकल्याचं साल असतं. गावाकडचं माणूस नेहमी जिंकल्याचं सांगतं. पेढे त्या साली वाटलेले असतात ना."

घरी येऊन मी बाबांना विचारलं, दावा टाकला कधी? ते म्हणाले, "कधी म्हंजे? चालूच होता की." आईलाही आठवेना. आत्या, आमच्यापैकी एकालाही आठवेना. तू जिंकलीस तो दिवस सगळ्यांना तोंडपाठ आणि तू तारखांना चाललीस ती वर्षं कुणी मोजलीच नव्हती. 

मग तुझीच चेष्टा कामाला आली. मी अभ्यास टाळला की तू म्हणायचीस, "वकिलाच्या टेबलावरचा पयला कागद हिने चघळलान, आनि आता पुस्तक बघून पलते!" मी तुझ्या कडेवर होते, मला दात येत होते. म्हणजे माझ्या जन्माच्या पुढचं साल, शहाऐंशी. मी पहाटेची गाडी पकडून गेले. कारकुनांनी बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबवलं. वादी, यमुनाबाई. मला रडू आलं तर ते म्हणाले, "आता का रडता? सापडल्यावर?" तुझंच वाक्य मला आठवलं, "कोर्टात रडायचं नाय गो. रडलं का पुढची तारीख पडते."

फाइल ठाण्याच्या रेकॉर्डला गेलेली होती. ती येईपर्यंत थांबले. आल्यावर हुकूमनाम्याची नक्कल मागितली आणि रोजनाम्याचीही, सोबतच्या अर्जांसकट. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद. मी ज्यांना विचारलं त्या वकिलांनी सांगितलं होतं की त्याची गरज नाही. मला आपलं वाटलं, अर्धवट कशाला न्यायचं?

कोर्टाबाहेर चिंचेखाली बसून मी तो वाचला. वादी हजर, प्रतिवादीचा मुदत अर्ज. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर. वादी हजर. पानं उलटत गेले. जूनमधल्या तारखा बघून मला तुझी शेवळांची टोपली आठवली, थंडीतल्या तारखा बघून करांद्यांची. आधी बाजारात बसायचं, भाजी संपवायची, मग कोर्टात जायचं. तारीख पडली तरी दिवस फुकट गेला असं तुला कुणी म्हणायला नको. कोर्टाचा शिपाई विचारायचा म्हणे, "यमुनाबाई, आज काय आणलंत?" आणि तू म्हणायचीस, "तुमच्यासाठी नाय, साहेबांसाठी पन नाय. इकून आलंय." घरी हे सांगताना तू एवढी हसायचीस की आम्हाला वाटायचं, कोर्ट म्हणजे मजेची जागा असेल.

आणि मग एका जूनमध्ये ती ओळ आली. वादी व वकील गैरहजर. दावा काढून टाकला.

मी तारीख पुन्हा बघितली. दावा पुन्हा फायलीवर घ्यायला तुला चौदा महिने लागले. पुढे तुझा अर्जही होता, खाली अंगठा. त्यात कारण लिहिलं होतं, वादी तापाने आजारी होती.

तू आजारी? जूनमध्ये? तू कधी अंथरुणाला खिळल्याचं मला आठवेना. मला ती तारीख ओळखीची वाटत राहिली. घरी आल्यावर मी शाळा सोडल्याचा दाखला काढला. प्रवेश घेतल्याची तारीख आणि रोजनाम्यातली तारीख एकच होती.

तो दिवस मला आठवतो, आत्या. आई-बाबा आवणीआधीच्या कामाला गेले होते. तू मला शाळेत सोडलंस आणि निघालीस. मी एवढी ओरडले की गुरुजी म्हणाले, "न्या घरी, पुढच्या वर्षी आणा." तू म्हणालीस, "पुढल्या साली नाय. आजच." आणि पडवीत भिंतीला टेकून बसलीस. मी दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची. तू तिथेच होतीस. शाळा सुटेपर्यंत होतीस. शेजारी कापड बांधलेली टोपली होती. ती टोपली बाजाराची होती, हे मला आत्ता कळतंय.

का सांगितलं नाहीस कधी? निदान मी बी.ए. झाले तेव्हा तरी? आणखी एक विचारायचं आहे, रागावू नकोस. मी एकदा पेन्सिल हरवली असं खोटं सांगितलं तर तू माझ्याशी दिवसभर बोलली नाहीस. मग कोर्टाला तापाचं खोटं कसं सांगितलंस? तुझ्या वकिलांनी सांगितलं असेल, पोरगी रडत होती हे कारण चालत नाही. तू मुकाट्याने अंगठा दिला असशील. तो कागद वाचताना मला आधी अवघडल्यासारखं झालं. नंतर बराच वेळ मी त्या अंगठ्याकडेच बघत बसले. सगळ्या फाइलीत तुझं तेवढं एकच खोटं आहे.

बाबांना मी हे सांगितलं. त्यांनी नकलेवरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, आज काय झालं नाय, पुढची तारीख पडली."

हुकूमनामा दाखवल्यावर तो माणूस वकिलाशी बोलतो म्हणाला. अजून कुंपण काढलेलं नाही. म्हणून हुकूम अमलात आणावा अशी दरखास्त आम्ही कोर्टात टाकली आहे. सोमवारी पहिली तारीख. वकील म्हणतात, तुमचा हुकूम पक्का आहे, पण वेळ लागेल. लागू दे. रोपं वाफ्यात आहेत आणि बाबांनी या सालासाठी लांबच्या पायवाटेने डोक्यावरून रोपांच्या पेंढ्या नेऊन, कुदळीने खणून आवणी करायचं ठरवलंय. शेत पडीक राहणार नाही.

तुला एक शब्द देते. मी प्रत्येक तारखेला जाईन. आदल्या दिवशी कागद दोनदा तपासीन, कारण त्याशिवाय मला झोप येणार नाही. पण एखाद्या तारखेला घरातलं लेकरू शाळेच्या दारात असं ओरडायला लागलं, तर मी कोर्टात जाणार नाही. तिथेच बसेन. पुढे किती महिने जायचे ते जाऊ देत. अर्जात मात्र खरं कारण लिहीन.

तुझी,
मंदा