तिसरा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार
शाळेत समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. आमची ठमी, वय वर्षं आठ, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात एकटी बसून खाते म्हणे. कोणाशी बोलत नाही. वजनही वाढलंय. बोलावलं तिच्यासाठी आणि चौकशी माझी! लहानपणी तुम्ही रडलात की घरी काय व्हायचं? म्हटलं, आई हातात बिस्किट द्यायची, मी गप्प व्हायचो. अगदी सुखाचं बालपण. बायकोने माझ्याकडे पाहिलं. यात पाहण्यासारखं काय होतं?

वर गृहपाठ. वहीत तीन रकाने: काय खाल्लं, किती, खाण्याआधी काय वाटत होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी! असो. माझ्यात दोष नाहीच, पण पोरीपुढे आदर्श हवा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी ७. आजपासून बिस्किटं कायमची बंद.
सकाळी ११. बिस्किटं, दोन. काय वाटत होतं: काही नाही.
दुपारी ४. बिस्किटं, पाच. एक गिऱ्हाईक चारचौघांत म्हणालं, तुम्हाला काम येत नाही. वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय मी! काय वाटत होतं: काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
वजन केलं. एकोणनव्वद. घरचा काटा साफ बिघडलाय. धंद्यातला माणूस, मला लगेच कळतं. स्क्रू फिरवून ठीक केला. पंच्याऐंशी. तीन दिवसांत चार किलो कमी! वहीत दम आहे हं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
घरच्या काट्याचं हे, तर शाळेच्या काट्याचं काय? माझी प्रमाण वजनं पिशवीत घालून थेट शाळेत गेलो. ठमीचं वजन वाढलेलंच नाही हे बाईंना दाखवून देणार होतो. पाच किलो ठेवलं, पाच. दहा ठेवलं, दहा. वीस ठेवलं, वीस. एका ग्रॅमचा फरक नाही. शिपाई हसला. बाईंनी शांतपणे विचारलं, वही चालू आहे ना? डोकंच फिरलं.
येताना अर्धा किलो बिस्किटं घेतली. ठमीसाठी.

११ फेब्रुवारी, मंगळवार
ठमी रडत घरी आली. मी तत्काळ हातात बिस्किट दिलं. दोन मिनिटांत गप्प. याला म्हणतात बाप! बायको म्हणाली, काय झालं ते विचारलंस का? आता गप्प झालेल्या पोरीला कशाला उकरायचं? तर म्हणे, माझ्याशीही हेच करतोस. मी रडले की चहा ठेवतोस आणि निघून जातोस. चहा केला तरी बोलणी! हद्द झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सोक्षमोक्ष लावायला आईला फोन केला. लहानपणी मी कशासाठी रडायचो? तिला आठवेना. म्हणाली, तू फार शहाणा होतास, बिस्किटांचा डबा पुढे केला की प्रश्नच मिटायचा. मग विचारलं, जेवलास का?
उगाचच राग आला. कोणावर, कळलं नाही. बिस्किटं, नऊ. काय वाटत होतं: काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
सायंकाळी ६. उद्या बाईंना वही दाखवायची म्हणून उघडली. माझ्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने एक नवीन ओळ. ठमीचं अक्षर.

काय खाल्लं: बिस्किट. किती: बाबा देतात तेवढी. काय वाटत होतं: कोणी विचारलं नाही.

चार वेळा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आता जाऊन विचारायचंच. आत्ता, या क्षणी.

सायंकाळी ६.२०. तिच्या दाराशी गेलो. ती अभ्यास करत होती. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग मुकाट्याने आपला हात पुढे केला. तेव्हा कळलं, डबा घेऊनच आलो होतो.