पंख्यातल्या अक्षता

बाबा,

तुमचा कॉम्प्युटर चालू झालाय. न विचारता उघडला, त्याची माफी मागते. मी भानूआत्याकडे, बड़ा गणपती मंदिरापाशी जातेय. रागवायचंच असेल तर संध्याकाळी रागवा, पण निदान बोला तरी.

दर दसऱ्याला पणजोबांच्या तलवारीशेजारी कॉम्प्युटरचीही पूजा करता ना, त्या सगळ्या अक्षता आतल्या पंख्यात अडकल्या होत्या. म्हणूनच तो तापून बंद पडायचा. यंदा बाहेरून नुसतं कुंकू लावा, बस!

नवीन विंडोज त्याला झेपणार नव्हतं, म्हणून लिनक्स टाकलंय. ते एकदम हलकं असतं, जुन्या मशीनवरही मस्त पळतं. डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की सगळं दिसेल. मराठी टायपिंगही होतं. फायली मी आधीच पेनड्राइव्हवर काढून घेतल्या होत्या, त्या परत टाकल्यात, एकही गेली नाही.

त्यात 'रुचीस' नावाची एक फाईल आहे, मी तुमच्याशी भांडून पुण्याला गेले त्याच आठवड्यातली. नाव वाचलं, पण उघडली बिलकुल नाही.

पोहे झाकून ठेवलेत, शेव वरून घाला.

मी रविवारपर्यंत इथेच आहे. प्रिंटरही चालतोय.

— रुची