कडीला अडकवलेली पिशवी

मांजलपूर, बडोदे
८ डिसेंबर २०२५

प्रिय दादास,
वसूचा सप्रेम सलाम, वि. वि.

नगरला थंडी पडली असेल. कानटोपी घालतोस ना? फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं रचतोस, म्हणून पत्रच बरं.

जयवंतरावांची चौकशी केली होतीस. आपल्या चर्चच्या मंडळीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले, छाणीला तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात तेच. बायको गेली, गुडघे धरले, तेव्हापासून ते उपासनेला येत नाहीत. आम्ही डबा नेला तर दारातूनच परत पाठवला. मी मंडळीवर जगत नाही म्हणाले. मग मंडळीतल्याच शर्वरीनं युक्ती काढली. आम्ही सहा घरांनी पाळी लावली. दर रविवारी एकानं थेपले, फळं, साबण असं पिशवीत भरून त्यांच्या जाळीच्या दाराच्या कडीला अडकवायचं आणि बेल न वाजवता उतरायचं. कुणी दिलं ते कळलं नाही म्हणजे त्यांना लाजायला नको. दान गुप्त असावं हे प्रभूनंच सांगितलंय. जूनपासून एक रविवार चुकला नाही, आणि पुढच्या खेपेला कडी रिकामी असते. काल माझी पाळी होती. मी आता मांजरीसारखी जिने उतरते, बघ!

नाताळच्या करंज्या पाठवते. गोड कमी खा आणि धाकट्या बहिणीवर माया ठेव.
तुझी वसू


नगर
१३ डिसेंबर २०२५

चि. वसूस,
अ. उ. आ.

मांजरीसारखी उतरतेस हे वाचून हसलो. लहानपणी जिन्यावरून गडगडत यायचीस. पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. जूनपासून तुमच्यापैकी कुणी जयवंतरावांचं तोंड पाहिलंय का? कडी रिकामी असते म्हणजे पिशवी कुणीतरी काढतं, एवढंच त्यावरून कळतं.

रागावू नकोस, पण एकदा बेल वाजव. त्यांनी शिव्या दिल्या तर माझ्या नावावर घे.
दादाचे आशीर्वाद आहेतच.


मांजलपूर, बडोदे
१८ डिसेंबर २०२५

प्रिय दादास,
सलाम, वि. वि.

बेल वाजवली. आत कुणी नव्हतं. समोरच्या कोमलबेननी दार उघडलं. त्या पावसाळ्यात राहायला आल्या आणि रविवारी मुलीकडे अलकापुरीला असतात, म्हणून आमची कधी गाठ पडली नाही. आमच्या शेवटच्या चार पिशव्या त्यांच्याकडे ओळीनं ठेवलेल्या होत्या.

जयवंतराव १९ नोव्हेंबरला घरात पडले. कोमलबेननीच ॲम्ब्युलन्स बोलावली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते वारले. नातेवाईक कुणी सापडेना. नावावरून सगळ्यांनी हिंदूच समजून, सोसायटीतल्या चार माणसांनी स्मशानात नेऊन त्यांना अग्नी दिला. दादा, आपल्यातलं एक माणूस तिथं नव्हतं. एक गीत नाही, एक प्रार्थना नाही. पिशव्या कोण आणतं ते कोमलबेनना कळेना, म्हणून त्यांनी दारावर गुजरातीत चिठ्ठी लावली होती, भेटून जा अशी. ती मी ७ तारखेला पाहिली. पाण्याच्या टाकीची नोटीस असेल म्हणून वाचली नाही.

हे सगळं मी मंडळीत सांगितलं. एक सांगितलं नाही, ते तुला सांगते. आधीच्या पाळीला, २६ ऑक्टोबरला, पिशवी अडकवताना कडी वाजली. आतून त्यांनी विचारलं, कोण आहे. जरा वेळानं पुन्हा विचारलं. मी चपला हातात घेतल्या आणि खाली उतरले. आता भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तो आवाज येतो. काल भर दुपारी मी स्वयंपाकघरातून ओ दिली. घरात कुणीच नव्हतं.

नाताळनंतरच्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली आहे. कुणाला दोष लागेल असं बोलू नये, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. मी बोलू का? बोलले तर पुन्हा या लोकांत बसायचं कसं?

लवकर लिही. मला भीती वाटते.
तुझी वसू


नगर
२३ डिसेंबर २०२५

चि. वसूस,
अ. आ.

बोल. तुला क्षमा करणं माझ्या हातात नाही, आणि मी केली तरी तो आवाज थांबायचा नाही. जयवंतरावांना सगळ्यांनी मिळून सांभाळायचं होतं, म्हणून त्या सगळ्यांसमोरच बोल. नंतर कुणी शेजारी बसेनासं झालं तर सरळ नगरची गाडी पकड. तुझी खोली झाडून ठेवतो.
दादा


मांजलपूर, बडोदे
२९ डिसेंबर २०२५

प्रिय दादास,
सलाम, वि. वि.

काल बोलले. सांगून झालं आणि मी मान खाली घालून उभी राहिले. आता कुणीतरी टाकून बोलणार असं वाटलं.

मग शर्वरी उठली. २ नोव्हेंबरची पाळी तिची. तिलाही आतून हाक आली होती. तिच्यामागून मिताली उठली, ९ तारखेची. तिलाही. आपल्याच हातून कडी वाजली असं प्रत्येकीला वाटलं होतं, म्हणून कुणी कुणाला बोललं नाही.

शेवटी पीयूषभाऊ उठले, बँकेत आहेत ते. १६ तारखेची पाळी त्यांची, पडण्याच्या तीन दिवस आधीची. म्हणाले, जयवंतरावांनी आधी कोण आहे असं विचारलं, मग काठी टेकल्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले की जाऊ नका, थांबा, मी येतोय. भाऊ दुसऱ्या मजल्यावर पोचले होते तेव्हा वर दार उघडलं.

आम्हां सहा घरांना प्रार्थनेत विसरू नकोस, दादा, आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझी वसू